फ्रान्झिस्काचा वाटा

परवा आमच्या कॉलनीत एकांकडे प्रार्थनासभा होती. पाळकसाहेबांनी येशूचं डोंगरावरचं प्रवचन घेतलं होतं, मत्तय पाचवा अध्याय, आणि दहाव्या वचनावर येऊन ते बराच वेळ थांबले. "नीतिमत्त्वाकरता ज्यांचा छळ झाला आहे ते धन्य, कारण स्वर्गाचे राज्य त्यांचे आहे." मग पहिला हुतात्मा स्तेफन आला, त्याच्यावरची दगडमार आली, रोममधले हुतात्मे आले, हिटलरने फासावर चढवलेला जर्मन पाळक बोनहोफर आला, साहेबांचा आवाज चढत गेला, वर पंखा घरघरत होता, आतून आल्याच्या चहाचा वास यायला लागला होता आणि आम्ही सगळे माना डोलवत होतो. तेवढ्यात सतरंजीच्या टोकाला भिंतीला पाठ लावून बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "साहेब, ह्यांच्या घरच्यांचं काय झालं पुढं?" टोचून बोलायचा सूर नव्हता, त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. साहेब म्हणाले, प्रभू त्यांना सांभाळतो. ते खोटं नाहीच, पण आजींना हवं होतं ते उत्तर ते नव्हतं. आजींनी पदर सारखा केला आणि पुन्हा काही विचारलं नाही. शेवटचं गीत झालं, आशीर्वाद झाला, चहा झाला, एकमेकांना सलाम करून सगळे चपला शोधायला लागले.

मला मात्र त्या प्रश्नाने रात्रभर झोपू दिलं नाही.

कारण अशा एका घराचं पुढं काय झालं ते मला माहीत आहे. एका लेंतात, उपासाच्या दिवसांत, मी फ्रान्झ येगरश्टेटरबद्दल वाचायला सुरुवात केली आणि मग तो माणूस डोक्यातून गेलाच नाही. ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड नावाच्या खेड्यातला शेतकरी. थोडी जमीन, काही गायी. हिटलर जिथे जन्मला ते ब्राउनाउ त्याच जिल्ह्यातलं. फ्रान्झचा बाप पहिल्या महायुद्धात मेला, आईबापाचं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं, इतकी गरिबी. तरुणपणी हा गावात पहिली मोटरसायकल आणणारा, लग्नाआधी एक मुलगी झालेली, म्हणजे लहानपणापासून संतमहात्मा वगैरे काही नाही. १९३६ मध्ये फ्रान्झिस्काशी लग्न झालं आणि दोघं लग्नानंतर रोमला जाऊन आले. लोक म्हणायचे, तिने त्याला बदललं, तिच्यामुळे तो इतका देवभक्त झाला. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे तिच्यावर हेच वाक्य उलटलं.

१९३८ च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रिया जर्मनीला जोडायची की नाही यावर मतदान झालं. जोडून तर आधीच घेतली होती. देशातल्या बिशपांनीच हो म्हणा असं पत्रक काढलं होतं. सांक्ट राडेगुंडमध्ये एकच मत 'नाही' पडलं, ते फ्रान्झचं, आणि वर कळवताना गावाने ते दाबून टाकलं, शंभर टक्के 'हो' म्हणून कळवलं. मला इथे नेहमी थांबायला होतं. गावाने त्याला पकडून दिलं नाही. उलट झाकलं. ती माणसं दुष्ट नव्हती, त्यांना त्याची काळजी होती आणि स्वतःचीही होती. त्याच वर्षी जानेवारीत त्याला एक स्वप्न पडलं होतं, एक सुंदर आगगाडी डोंगराला वळसा घालून येतेय, मोठी माणसं, पोरं सगळी तिच्यात चढायला धावतायत, आणि एक आवाज म्हणतो, ही गाडी नरकात चाललीय. ते स्वप्न कशाबद्दल होतं हे त्याला पुढे कळलं. पण ज्या गाडीत आपलं सगळं गाव चढलंय, आपला मामा चढलाय, शेजारी चढलाय, चर्चमध्ये बाजूच्या बाकावर बसणारा चढलाय, त्या गाडीत एकट्याने न चढणं म्हणजे काय असेल याचा विचार करून बघा. रणगाड्यापुढे उभं राहणं वेगळं. इथे समोर रणगाडा नाही, समोर काका उभा आहे आणि म्हणतोय, बाळा, चढ.

एकदा तो लष्करी ट्रेनिंग करून आला होता, तिथे काय चालतं ते बघून आला होता. त्यानंतर त्याने ठरवलं की पुन्हा बोलावलं तर जायचं नाही. आणि इथून पुढे जे सुरू झालं त्याला मी खरा छळ म्हणते, अटक व्हायच्या आधीचा. गावचे आधीचे फादर, ज्यांना नाझींनी प्रवचनावरून पकडून गावाबाहेर घालवलं होतं, म्हणजे स्वतः भोगलेला माणूस, तेसुद्धा त्याला समजवायला लागले की तू एकटा काय बदलणार. नंतर तेच म्हणाले की मी त्याला पटवायला गेलो आणि त्यानेच मला वचनांनी गप्प केलं. तो लिन्झच्या बिशपांना भेटायला गेला. बिशप म्हणाले, तुला बायको आहे, मुली आहेत, त्यांची जबाबदारी तुझ्यावर आहे, युद्ध न्यायाचं की अन्यायाचं हे ठरवायचं काम तुझं नाही. तो बाहेर आला तेव्हा खिन्न होता. फ्रान्झिस्का बाहेर थांबलेली होती, तिला म्हणाला, ह्यांनाही भीती वाटतेय. आई रोझालिया रडत होती, नातेवाईकांना बोलावून आणत होती. आणि सगळ्यांच्या तोंडी बायबल. रोमकरांस पत्र, तेरावा अध्याय, "प्रत्येक जणाने वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असावे". ज्या पुस्तकाच्या आधारावर तो उभा होता त्याच पुस्तकातली पानं उघडून त्याला बसवायचा प्रयत्न चालला होता.

आपण प्रवचनात छळ म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर तुरुंग येतो, चाबूक येतो. पण येशूला सुद्धा पहिल्यांदा अडवलं ते त्याच्याच शिष्याने, पेत्राने. यरुशलेमला गेलो तर मला मारतील असं प्रभूने सांगितल्यावर पेत्राने त्याला बाजूला घेतलं आणि म्हणाला, असं तुम्हाला होणारच नाही. किती प्रेमाचं वाक्य आहे ते. कुठलीही आई हेच म्हणेल. आणि त्यावर उत्तर काय मिळालं, तर "सैताना". लहानपणी संडे स्कूलमध्ये मला पेत्राची फार दया यायची, आजही येते, आणि तरी वय वाढलं तसं मला कळायला लागलं की प्रभू इतका कडक का झाला असेल. मरणाची शिक्षा देणाऱ्या पिलातापुढे तो शांत होता. पेत्रापुढे शांत राहता आलं नाही, कारण ते बोलणं आतपर्यंत पोचलं होतं. गेथशेमाने बागेत घाम गाळत "होईल तर हा प्याला माझ्यावरून टळून जावो" म्हणताना त्याला पेत्राचे शब्द आठवले नसतील असं मला वाटत नाही.

आणि आतली लढाई नुसती भीतीची नसते. जास्त वाईट शंका वेगळीच असते, की हा माझा गर्व तर नाही? सगळे चूक आणि मी एकटी बरोबर, असं कसं? आपल्या पंडिता रमाबाईंना हेच ऐकावं लागलं. इकडे पुण्यात त्या धर्म सोडला म्हणून वाईट, आणि तिकडे इंग्लंडात वॉन्टेजच्या मठात त्यांना आसरा देणाऱ्या, त्यांच्यावर खरोखर माया करणाऱ्या सिस्टर जेराल्डिन त्यांना गर्विष्ठ म्हणत होत्या, कारण रमाबाई चर्चचं सगळं शिक्षण मुकाट्याने गिळत नव्हत्या, प्रश्न विचारत होत्या. रमाबाईंनी लिहिलं की एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून काढलंय, आता तसलंच दुसरं घालून घेणार नाही. वाचायला हे तडफदार वाटतं. पण परक्या देशात, विधवा, कडेवर लहानगी मनोरमा, आणि ज्यांच्या घरात राहतोय त्यांनाच हे लिहायचं! रात्री दिवा मालवल्यावर त्यांना काय काय वाटलं असेल. फ्रान्झलाही ही शंका खात होती. बर्लिनच्या टेगेल तुरुंगात तिथल्या फादरनी त्याला सांगितलं की आदल्याच वर्षी फ्रान्झ रायनिश नावाच्या एका धर्मगुरूने हिटलरची शपथ घ्यायला नकार दिला आणि मरण पत्करलं, तेव्हा कुठे त्याला हायसं वाटलं. म्हणजे मी वेडा नाही, माझ्या आधी कोणीतरी इथून गेलंय. एवढाच आधार त्याला मिळाला, तो सुद्धा शेवटी शेवटी.

फेब्रुवारी १९४३ मध्ये बोलावणं आलं. मार्चच्या पहिल्या तारखेला तो एन्सच्या छावणीत हजर झाला आणि सांगितलं की मी लढणार नाही. जखमींची सेवा करायला पाठवा, ते करतो म्हणाला, ते कोणी ऐकलं नाही. आधी लिन्झचा तुरुंग, मग बर्लिन, सहा जुलैला मृत्युदंड. फ्रान्झिस्का आणि गावचे नवे फादर त्याला भेटायला बर्लिनला गेले, वीसेक मिनिटं मिळाली आणि त्यातला बराच वेळ फादर त्याला मन बदलायला सांगण्यात घालवत होते. याआधी तिने त्याला घरचा एक फोटो पाठवला होता, तिघी मुली रांगेत उभ्या आहेत आणि हातात पाटी आहे, बाबा लवकर या. सगळ्यात मोठी सहाचीही झालेली नव्हती. त्याने लिहून ठेवलंय की बायकामुलं आहेत म्हणून माणसाला देवाचा अपराध करायची मुभा मिळते असं मी मानू शकत नाही. मी हे वाक्य वाचते आणि मला ते पटतं, आणि मला तो फोटोही दिसतो, आणि दोन्ही एकत्र सहन होत नाही. नऊ ऑगस्ट १९४३ ला ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात दुपारी चार वाजता त्याचं डोकं उडवलं.

आता घरच्यांचं.

फ्रान्झिस्का काही सुरुवातीपासून "हो, जा" म्हणणारी नव्हती. तिनेही त्याला विनवलं होतं. पण एक दिवस सगळेच त्याच्यावर तुटून पडलेले बघितल्यावर ती त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. मी उभी राहिले नसते तर त्याला कोणीच उरलं नसतं, असं ती पुढे सांगायची. यातलं मला जे महत्त्वाचं वाटतं ते असं की त्याने तिला अंधारात ठेवलं नाही. जे काही ठरलं ते दोघांच्या बोलण्यातून, रडण्यातून, भांडणातून ठरलं. इथे मला आपल्या लक्ष्मीबाई टिळक आठवल्याशिवाय राहत नाहीत. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंना विश्वासात घेतलं नव्हतं. त्यांनी लिहून ठेवलेल्या त्या काळच्या आठवणी आपण सगळ्यांनी शाळेत थोड्याफार वाचल्यात, हसत हसत सांगतात त्या, पण आत केवढा आकांत आहे. नवऱ्याने विवेकाला स्मरून पाऊल टाकलं आणि बायको एका दिवसात ना सवाशीण ना विधवा. टिळकांवर माझं फार प्रेम आहे, त्यांची गीतं गातच मी मोठी झाले, तरी मी म्हणेन की तिथे त्यांनी लक्ष्मीबाईंवर अन्याय केला. पुढे १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला, टिळकांचं अर्धवट राहिलेलं ख्रिस्तायन हे काव्य पुरं केलं, हे सगळं झालं, पण मधल्या पाच वर्षांचा हिशोब कोणत्या खात्यात मांडायचा?

फ्रान्झिस्का शेतात नांगरायला लागली, गवत कापायला लागली, पोरी वाढवायला लागली. फ्रान्झ गावच्या चर्चची देखभाल करायचा, घंटा, वेदी, मिस्साची तयारी, ते कामही तिने उचललं. सासू म्हणायची तुझ्यामुळे माझा मुलगा गेला. गावात ज्यांचे मुलगे, नवरे आघाडीवर मेले होते त्यांना वाटायचं, आमची माणसं देशासाठी गेली आणि हिच्या नवऱ्याने आमच्या माणसांचं मरण खोटं ठरवलं. लग्नानंतर तो सुधारला ते हिच्यामुळे असं जे कौतुकाने म्हणायचे, त्यांनीच आता हिने त्याला देवाच्या नादी लावून मारला म्हणायला सुरुवात केली. विधवा म्हणून तिला मदत मिळाली ती १९५० मध्ये, तोपर्यंत नाही. युद्धानंतर फ्रान्झबद्दल चर्चच्या मासिकात लिहायचं निघालं तेव्हा त्याच बिशपांनी ते छापू दिलं नाही, त्यांच्या मते आपलं कर्तव्य करत लढलेले कॅथलिक तरुणच मोठे वीर होते. १९९७ मध्ये बर्लिनच्या कोर्टाने ती शिक्षा रद्द केली, २००७ मध्ये चर्चने फ्रान्झला धन्य घोषित केलं तेव्हा फ्रान्झिस्का चौऱ्याण्णव वर्षांची होती आणि त्या समारंभात बसलेली होती. २०१३ मध्ये ती गेली, शंभर वर्षं पूर्ण करून. म्हणजे फ्रान्झचा तुरुंगवास मार्च ते ऑगस्ट आणि तिचा छळ पुढची कित्येक वर्षं. हे मी फ्रान्झला कमी लेखायला म्हणत नाही. पण धन्यतेत तिचा अर्धा वाटा आहे आणि तो आपण देत नाही.

हे मला एवढं का लागतं तर आमच्या घरामुळे. माझे पप्पा एका सरकारी खात्यात ओव्हरसियर होते. रस्त्याची, मोऱ्यांची कामं. झालेल्या कामाची मापं एमबीत लिहायची, एमबी म्हणजे मोजमापाची वही, त्यावर सही झाली की ठेकेदाराचं बिल निघतं. एका रस्त्याला मुरूम टाकलाच नव्हता पुरेसा आणि पप्पांनी ते माप लिहायला नकार दिला. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. मला त्या वहीचं जाड पुठ्ठ्याचं कव्हर आठवतं, टेबलावर पडलेली असायची आणि तिला हात लावायचा नाही असा दंडक होता. घरी माणसं येऊन जायची, कधी मिठाईचा पुडा आणायची, तो आई दारातूनच परत करायची. मग एका रविवारी उपासनेनंतर मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, एक पंच आले, आमचे काकाच म्हणा, पप्पांच्या लग्नात पुढे होऊन सगळं केलेले. ते म्हणाले, वरचे साहेब सांगतायत ना, मग पाप असेल तर त्यांच्या माथी, बायबल काय सांगतं, अधिकाऱ्यांच्या अधीन असावे, लेकरांकडे बघ. पुष्कळ वर्षांनी मी फ्रान्झबद्दल वाचताना रोमकरांस तेरा आलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवावं लागलं मला. तोच अध्याय. पप्पा काही बोलले नव्हते, बशीतला चहा निवत होता आणि आतल्या खोलीत आईचं शिलाई मशीन चालू होतं, ते मधेच थांबलं एवढं आठवतं.

पप्पांची बदली झाली, लांब, शनिवारी एसटीने यायचे आणि रविवारी संध्याकाळी जायचे. इन्क्रिमेंट अडकली, कसलीशी चौकशी लागली, ती संपता संपेना, रिटायर झाल्यावर पेन्शनलाही तीच आडवी आली. आईने ब्लाउज शिवले, फॉल-पिको केलं, रात्री डोळ्यांत पाणी यायचं तिच्या, आम्हाला वाटायचं शिवणाने. आणि त्या पंच काकांबद्दल सांगायचं राहिलंच, भावाची शाळेची फी दोन वर्षं त्यांनी गुपचूप भरली, आम्हाला फार उशिरा कळलं. सही कर म्हणून सांगणारा हाच माणूस. म्हणून मला त्या बिशपांनाही खलनायक करता येत नाही. पप्पांनी काकांना कधी दुखवलं नाही, त्यांचा सल्लाही घेतला नाही, दोन्ही कसं जमवलं कोणास ठाऊक.

पप्पा गेल्यावर मंडळीत त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल पुष्कळ बोललं गेलं, आणि सगळं खरं होतं. आईचं नाव एकदा आलं, "त्यांच्या पश्चात पत्नी" असं. परवाच्या सभेनंतर मी शेवटी तिला विचारलं की तुला राग नाही का आला त्यांचा तेव्हा. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "आला तर. रोज यायचा. हा माणूस निवांत झोपायचा आणि मी फीचे पैसे मोजत जागी असायचे." मग म्हणाली की काका तिच्याकडेही आले होते वेगळे, पप्पा नसताना, तू सांग त्याला, तुझं ऐकेल. आणि ऐकलंही असतं बहुतेक, असं तिला वाटतं. मी म्हटलं मग का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "सही करून आले असते तर माझ्याच्याने त्यांच्या पानात वाढवलं नसतं." हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. म्हणजे नकार दोघांनी दिला होता आणि आम्ही पोरं, मंडळी, सगळे एकाच नकाराच्या आठवणी काढत बसलो होतो.

मी तिला फ्रान्झिस्काबद्दल सगळं सांगितलं, शेतकाम, पोरी, सासू, पेन्शन. तिने लक्ष देऊन ऐकलं, तिला सगळ्यात जास्त पेन्शनचं लागलं. मग मी भाबडेपणाने म्हटलं की लोकांनी तुलाही धन्य म्हणायला हवं होतं. तर ती जराशी चिडलीच. "धन्य कशाला म्हणायचंय. तेव्हा कोणी येऊन नुसतं बसलं असतं घरात तरी चाललं असतं. लोक यायचे बंद झाले होते आपल्याकडे, खात्याची चौकशी चालू असलेलं घर म्हणून."

आमच्या मंडळीत आत्ताही असं एक घर आहे. कोणाचं ते लिहिणार नाही. खोट्या कागदावर सही केली नाही म्हणून त्या बाईंची नोकरी गेलीय, नवरा मिळेल तिथे गाडी चालवतो, आणि प्रार्थनेच्या यादीत बाईंचं नाव दर रविवारी वाचलं जातं, नवऱ्याचं नाही. बऱ्याच दिवसांत त्यांच्याकडे कोणी फिरकलं नाहीय असं ऐकलं. शुक्रवारी संध्याकाळी नवरा घरी असतो, तेव्हा जायचं ठरवलंय, आई पण येतेय म्हणाली, आणि पाळकसाहेबांनाही मी फोन करून चला म्हणून सांगितलंय.